बारा आणि तेवीस यांचं जमतं

वसंत सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कात्री असायची. पेन ते समोरच्या बाकावरून मागून घ्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. कात्रीला मात्र कोणाला हात लावू देत नसत. खिशाला भोक पडू नये म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून जीन्सचं ठिगळ लावलं होतं. त्या वजनाने सगळे शर्ट डाव्या बाजूला जरा ओढलेले दिसायचे, आणि कॉलेजात नवीन आलेला माणूस सरांना ऑफिसात फाइली बांधणारा कोणी समजून त्यांच्याकडे फॉर्म मागायचा. सरांना त्याचं काही वाटत नसे. "त्याचं काय चुकलं?" म्हणायचे. "मीही कापाकापी नि बांधाबांधीच शिकवतो."

उल्हासनगरातल्या आमच्या कॉलेजात सर इम्युनॉलॉजी शिकवायचे, म्हणजे शरीर रोगजंतूंशी कसं लढतं ते. मी तिथून बीएस्सी झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी जाईन तिथे सांगते, तेव्हा इथेही सांगून टाकलं, आता पुढे जाऊ.

सर कोणालाही आडनावाने हाक मारत नसत. हजेरीला रोल नंबर, एरवी स्टेशन. "ए शहाड, फळा पूस." "विठ्ठलवाडी, झोप झाली का?" मी वांगणीहून यायचे, म्हणून मी वांगणी. एकाच स्टेशनचे दोघं निघाले तर पूर्व आणि पश्चिम. नवीन आलेल्या एका मुलीने एकदा विचारलं, सर, तुम्ही आडनावं का नाही घेत? सर म्हणाले, "आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न आपोआप जिभेवर येतो. स्टेशन विचारलं तर फार तर पासचं भाडं विचारावंसं वाटतं." सरांचा मान राखून मीही इथे त्यांचं आडनाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांचा पुढचा प्रश्न वाचला.

सरांची एक खोड मात्र आधीच सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं. सरांना प्रश्न विचारता यायचा तो फक्त उत्तर माहीत असलेला. घरी नळ दुरुस्त करायला प्लंबर आला तरी सर विचारायचे, "वॉशर का झिजतो, सांग बरं?" तो बिचारा पान्हा हातात धरून आठवायला लागायचा. मग सर समजावून सांगायचे. एक दिवस एका प्लंबरने पिशवी उचलली. "सर, तुम्हाला एवढं माहितीये तर तुम्हीच बसवा ना," म्हणाला आणि निघाला. काकूंनी जिन्यापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणलं. त्याचं काम होईपर्यंत सर बेडरूममध्ये होते. स्वतःहून नाही, काकूंनी बाहेरून कडी लावली होती.

अभ्यासक्रमातला एकच धडा सरांचा लाडका. बाकीचे धडे ते जेवायच्या आधी हात धुवावेत तसे उरकायचे. त्या धड्याला आले की खिशातून कात्री निघायची.

"माणसाच्या अंगात किती प्रकारचे जंतू शिरू शकतात?" सर विचारायचे. "मोजदाद नाही. उद्या कुठला शिरेल तेही ठाऊक नाही. प्रत्येकाला पकडायला वेगळ्या मापाची पकड लागते. आणि आपल्याकडे जनुकं किती? सगळ्या कामांची धरून वीस हजारांच्या आसपास. मग करोडो मापांच्या पकडी आल्या कुठून?"

यावर उल्हासनगरच्याच कॅम्प पाच वस्तीतल्या हरेशने एका वर्षी उत्तर दिलं होतं. त्याच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. तो म्हणाला, "सर, तयार माल रखनेकाच नहीं. कटिंग रखने का. ऑर्डर आया तो जोड दिया."

सरांना भरून आलं. त्यांनी हरेशला पुढे बोलावून त्याच्याशी हात मिळवला, आणि त्या दिवसापासून धड्याला लागणारं सामान हरेशच्या कारखान्यातून यायला लागलं. जीन्सच्या कापडाची लांबच लांब कतरणपट्टी, रुमालाच्या घडीएवढी रुंद, वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाईल अशी. सर तिच्यावर खडूने खुणा करायचे. आधी व्ही नावाचे पुष्कळ तुकडे, मग डी नावाचे थोडे, शेवटी जे नावाचे मोजके. एका व्हीला एक डी आणि एक जे जोडला की पकडीचा महत्त्वाचा भाग तयार. कुठला व्ही, कुठला डी, कुठला जे, ते प्रत्येक पेशी आपापलं ठरवते, म्हणून प्रत्येकीची पकड वेगळी. आणि हे जोडकाम होतं कसं? सर दोन मुलांना पट्टी ताणून धरायला लावायचे, मधला भाग कचकन कापायचे आणि उरलेली दोन टोकं पिनेने जोडायचे. कापलेला भाग पेशीला पुन्हा मिळत नाही. जन्मभरासाठी ती त्याच एका पकडीची होऊन बसते.

"आणि फेकलेल्या तुकड्याचं काय होतं?" उत्तर त्यांनाच द्यायचं असायचं. खाली पडलेली पट्टी उचलून ते तिची दोन टोकं एकमेकांना पिनेने जोडायचे. "तो स्वतःच्याच टोकाला टोक जोडून घेतो. गोल होतो. कामाचा राहत नाही, पण काही काळ पेशीतच पडून असतो." मग ते निळं कडं मनगटात घालून सर पुढच्या तासाला जायचे. तिथे टीवायच्या मुलांना बुरशी शिकवायची असायची. मुलं कड्याकडे बघत राहायची आणि बुरशी राहून जायची.

हे तुकडे माणसाच्या जनुकांत असतात कुठे, ते सर उल्हासनगरच्या पत्त्यांवरून सांगायचे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून वसलेलं हे शहर, म्हणून आमच्याकडे पत्ता म्हणजे कॅम्प, मग बॅरेक, मग खोली. सर म्हणायचे, गुणसूत्र म्हणजे कॅम्प, खोली म्हणजे एक तुकडा. पकडीला दोन साखळ्या असतात, जड आणि हलकी. जड साखळीची बॅरेक कॅम्प चौदाला, अगदी हद्दीवर, पुढे वस्तीच नाही. हलक्या साखळीच्या दोन बॅरेकी, एक कॅम्प दोनला, एक कॅम्प बावीसला. बॅरेकीतल्या कितीतरी खोल्या नुसत्या बंद. दारावर नंबर आहे, मोजणीत धरतात, पण आत कोणी राहत नाही, कामाला त्या कधी येत नाहीत. "मग पाडत का नाहीत?" कोणीतरी विचारायचं. "तुमच्याकडे पाडतात?" सर विचारायचे. टी-पेशी या लढणाऱ्या पेशींच्या दुसऱ्या प्रकारात तर डेल्टा साखळीचं बिऱ्हाड अल्फा साखळीच्या बॅरेकीच्या पोटातच थाटलेलं. अल्फाने बांधकाम काढलं की डेल्टा बाडबिस्तऱ्यासकट बाहेर. हे ऐकून एक मुलगा म्हणाला होता, "सर, हे तर आमच्या मामांचं झालं." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं.

आता तो नियम. त्यानेच घात केला.

प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक खूण असते. खुणेत जनुकाच्या लिपीतली ठरलेली अक्षरं, मग मोकळी जागा, मग पुन्हा ठरलेली अक्षरं. मोकळी जागा कुठे बारा अक्षरांची, कुठे तेवीस. कापणारं यंत्र बाराला तेवीसशीच जोडतं. बाराला बारा चालत नाही, तेवीसला तेवीस चालत नाही. जड साखळीत व्ही तेवीसचा, जे तेवीसचा, आणि डीला दोन्ही बाजूंनी बारा. म्हणून व्ही आणि जे यांचं परस्पर जमत नाही, मधे डी लागतो. आधी डी आणि जे यांचं ठरतं, मग व्ही येतो.

हा नियम मुलं दरवर्षी उलटा लिहायची. वैतागून सरांनी एका वर्षी सांगून टाकलं, "अरे, देवक समजा! बारा हे एक देवक, तेवीस हे दुसरं. सदेवक लग्न होत नाही तुमच्याकडे? तसंच. आणि डी म्हणजे मधले काका."

वर्गात असा उजेड पडलेला मी पुन्हा पाहिला नाही. देवक म्हणजे लग्नाआधी घरात पुजायची कुळाची डहाळी, आणि ज्यांची डहाळी एक ते भाऊबहीण, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना पाळण्यापासून ठाऊक. त्या वर्षी बारा-तेवीसचा प्रश्न कोणाचाही चुकला नाही. सरांनी मग दरवर्षी देवक सांगायला सुरुवात केली. आडनाव न विचारणाऱ्या माणसाने देवकावर शिकवावं, यातली गंमत त्यांच्या लक्षात आली असावी, कारण शेवटी ते न चुकता म्हणायचे, "हा नियम पेशीला आहे बरं का. तुम्हाला नाही. तुम्ही बिनधास्त कोणाशीही करा."

हे वाक्य कोणीच उतरवून घेतलं नाही. परीक्षेत ते येणार नव्हतं.

पदवी घेतली आणि मी अंबरनाथच्या एमआयडीसीत रक्त तपासायचे किट बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पुढे सरांची मुलगी शलाका तिथेच आली आणि आमची जोडी जमली. रविवारी मी बदलापूरला त्यांच्या घरी पोहे खायला जायचे. म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

शलाकाने अंबरनाथचाच एक मुलगा पसंत केला. मुलगा शहाणा, घरची माणसं साधी. सगळं जुळत आलं आणि मुलाच्या आईने सहज विचारलं, तुमचं देवक काय? काकू म्हणाल्या, कळंब. त्यांचंही कळंब. सर खो खो हसले. त्या बाई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या, मग सर इतके हसतायत म्हटल्यावर त्याही हसल्या. तिथे विषय संपला.

मग सरांनी खरवईला फोन लावला. बदलापूरजवळच्या या गावात सरांचे थोरले भाऊ राहायचे, दादा. गावठाणातलं घर, परसात कळंबाचं मोठं झाड. त्या झाडाची डहाळी घरातल्या प्रत्येक लग्नात देवक म्हणून लागलेली. घरात एकालाच शिकवता येईल असे दिवस होते, तेव्हा दादा शेतावर राहिले आणि सर कॉलेजात गेले. सर म्हणाले, "दादा, शलाकाचं ठरलं. तारीख कळवतो."

"देवक काय त्यांचं?"

"कळंबच!" सर पुन्हा हसले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दादांनी सरांना व्हॉट्सॅपवर एक संदेश पाठवला. दादांच्या फोनवरून त्याआधी फक्त सणाच्या शुभेच्छा यायच्या. सरांनी तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. 'सदेवक विवाह का टाळावा? आता विज्ञानही मान्य करते! मानवी जनुकांमध्ये बारा आणि तेवीस अशी दोन देवके असतात. बारा-बाराचा संबंध निसर्ग होऊ देत नाही. उल्हासनगरचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ.' खाली हात जोडलेलं चित्र आणि बदलापूरच्या एका वधू-वर सूचक केंद्राचं नाव.

"हा कोण शास्त्रज्ञ?" काकूंनी विचारलं.

सरांनी खिसा चाचपला. कात्री होती.

शलाका त्यानंतर जे बोलली ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. "बाबा, थोरल्या काकांनी अक्षता टाकल्या नाहीत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. आणि दुसऱ्या कोणासाठीही राहणार नाही. तुम्ही काय ते निस्तरा." तिला सायकल दादांनी शिकवली होती. सरांनी तिला सायकल का पडत नाही ते शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही खरवईला गेलो. सर, शलाका, मी, आणि पिशवीत निळी पट्टी. दादा ओट्यावर वाल सोलत बसले होते. सर टेकले आणि लगेच सुरू झाले. पट्टी अंथरली, खुणा केल्या, एक टोक मला धरायला दिलं, एक शलाकाला. दादांनी वाल बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मधे दोन शंका विचारल्या, दोन्ही नेमक्या. सरांचा चेहरा फुलला. जनुकं वेगळी, देवक वेगळं, आपण फक्त समजायला उपमा घेतली, असं सरांनी सावकाश, फोड करून सांगितलं.

"म्हंजे बाराला बारा जमत नाय?" दादांनी विचारलं.

"नाही जमत. पण दादा—"

"तूच म्हनतोस ना?"

"मीच म्हणतो, पण ते पेशीत—"

"मंग झालं तर." दादांनी वालाचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "तुझं नि माझं एकच मत. उगा तरास घेतलास."

परतताना सर रिक्षात एकदाच बोलले. "त्याला कळलं गं, वांगणी. इतकं पटकन कोणालाच कळलं नव्हतं."

मग सरांनी त्या केंद्राच्या मालकाला घरी बोलावलं. आला तर ओळखीचा निघाला. आमच्या मागच्या वर्गातला नितीन, सरांचा 'बदलापूर पूर्व'. इम्युनॉलॉजीत लागोपाठ नापास होऊन त्याने शेवटी कॉलेज सोडलं होतं. आता अंगात जाकीट, हातात दोन फोन. आल्या आल्या सरांच्या पाया पडला.

"हे काय छापलंयस?" सरांनी संदेश दाखवला.

"आवडला ना सर? तुमचं नाव नाही टाकलं, म्हटलं सरांना पब्लिसिटी आवडत नाही."

"अरे, हे चूक आहे!"

"चूक कसं? तुम्हीच शिकवलंय. तेवढंच तर मला आलं."

सर उभे राहिले. "आलं? सांग, व्हीला किती?"

"तेवीस."

"जेला?"

"तेवीस. आणि डीला दोन्हीकडून बारा. आधी डी-जे, मग व्ही."

सर खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता. "हे परीक्षेत लिहायचं होतंस रे."

"तेव्हा त्यात धंदा नव्हता ना, सर."

काकू आतून खाकरल्या, तेव्हा सरांना आपण याला कशाला बोलावलं ते आठवलं. त्यांनी शलाकाचं सांगितलं. नितीन खरोखर हळहळला. म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. आपला रविवारी मेळावा आहे. तुम्ही या, माइक घ्या, काय बोलायचं ते बोला. तुमच्या दादांना पुढची खुर्ची देतो. लोकांना पण ओरिजिनल शास्त्रज्ञ बघायला मिळेल."

बदलापुरातला एक हॉल. पुढे लग्नाचे मुलगे-मुली कमी, आयाच जास्त. पहिल्या रांगेत टोपी घालून दादा. नितीनने सरांची ओळख करून दिली तेव्हा टाळ्या वाजल्या. सरांनी या वेळी पट्टी काढली नाही. सरळ म्हणाले, "बारा-तेवीसचं मीच सांगितलं. पण अर्धं सांगितलं. नियम आहे, तसा तो मोडणाराही आहे. क्वचित डीला डी जोडला जातो. बाराला बारा. सदेवक. नियमाप्रमाणे व्हायला नको, पण होतो. माणसाच्या रक्तात असे जोड सापडतात. आणि असा जोड लांब असतो. आखूड पकड जिथे पोचत नाही अशा खाचेतही कधीकधी पोचतो."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आणि ऐका. जोड जमला म्हणजे पेशी पास झाली असं नाही. पुढे तिची परीक्षा होते. त्या परीक्षेत तुकडे कुठून आले, कोणाला कोण जोडलं, बारा की तेवीस, हे कोणी विचारत नाही. एकच बघतात. ही आपल्याच घरावर उलटते का? उलटली तर बाद. नाही उलटली तर जा, कामाला लाग. बस. एवढीच परीक्षा."

मला वाटलं, झालं. याहून चांगलं सर वर्गातही कधी बोलले नव्हते. टाळ्या पडल्या. एका बाईंनी उठून विचारलं, "सर, मग मंगळाचं काय?" सर त्यांना उत्तर द्यायला वळले, आणि दादा खुर्चीतून उठून, टोपी नीट करून, कोणाशी न बोलता बाहेर पडले.

सरांनी मंगळ अर्धवट सोडला.

आम्ही खरवईला पोचलो तेव्हा दादा परसात कळंबाखाली बाजेवर बसले होते. सर उभेच राहिले. "दादा, तुला पटलेलं दिसत नाही."

"पटलं की. चांगला बोललास. सगळं कळलं."

"मग उठून यायचं नव्हतंस."

"येवडं त्या परक्या बायांना सांगितलंस. फाटक्या पट्ट्या घेऊन मला शिकवाया आलास. त्या जाकीटवाल्याला घरी बोलावून चा पाजलास." दादा शांतपणे बोलत होते. "मी शास्त्र कवा मागितलं? तू फोन केलास आनि म्हनालास, ठरलं. तारीख कळवतो. मी काय बँडवाला हाय?"

दादांनी टोपी काढून बाजेवर ठेवली.

"देवकाचं काय, त्याला वाट काढता येते. आदी पन काढलेल्या हायत लोकांनी. पन ती घरातल्या मोठ्या मानसानं काढायची असते. तू मला इचारलं नाय, वसंता. माझी पोर ती. मला कोनी इचारलं नाय."

म्हणजे व्ही आणि जे यांचं परस्पर ठरलं, आणि मधल्या डीला नुसती पत्रिका. वर्षानुवर्षं क्रम घोकून घेणाऱ्या माणसाने घरात क्रम चुकवला होता. शलाका माझा हात घट्ट धरून उभी होती. सरांचा हात खिशाकडे गेला, कात्रीवर थांबला आणि रिकामाच खाली आला. मग ते बाजेच्या कडेला, दादांच्या पायाशी बसले.

"दादा," सर म्हणाले, "पोरीचं लग्न करू का?"

मी सरांना हजार प्रश्न विचारताना ऐकलं असेल. उत्तर माहीत नसलेला हा पहिलाच. विचारून झाल्यावर ते दादांच्या तोंडाकडे बघत राहिले. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आलेली मुलं पेपरकडे तसंच बघतात.

दादांनी वर झाडाकडे बघितलं. मग आत हाक मारून म्हणाले, "चा टाका गो." आणि सरांना, "बघतो."

हा होकार की नकार, ते सरांना घरी येईपर्यंत कळलं नाही. वाटेत दोनदा मला विचारलं. खरंखुरं विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये शलाकाचा फोन वाजला. दादा विचारत होते, "ए पोरी, शालू कुठल्या रंगाचा घेतेस?" शलाका मशीनच्या आड जाऊन रडली, आणि त्या दिवशीचे नमुने मी एकटीने लावले.

नितीनचं काही नुकसान झालं नाही, हेही सांगायला हवं. त्याच्या केंद्रात आता एक वेगळा विभाग आहे, 'डी-डी स्थळे'. सदेवक चालेल म्हणणाऱ्यांसाठी. फलकावर ओळ आहे, 'लांब पल्ल्याची जोडी, शास्त्रज्ञांची मान्यता'. सरांनी तो फलक पाहिला तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. मला वाटलं, चिडले. म्हणाले, "पल्ल्याचं त्याने बरोबर लिहिलंय."

सर निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन नाशिकला गेले, आणि अलीकडे फोनवरच भेट होते. पण सर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वर्ग येत नाही. लग्नाच्या आदल्या सकाळचं खरवईचं परस येतं. दोन्ही घरांत देवक बसायचं होतं आणि दोन्हीकडे डहाळी कळंबाची. दादांनी त्याच्याही आदल्या दिवशी झाडाला हळदकुंकू वाहून, नारळ ठेवून, काय ते स्वतःशीच बोलून घेतलं होतं. वाट काढली ती हीच. कोणी ती त्यांना विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही.

मुलाकडचे दोघं डहाळी न्यायला येऊन उभे होते. दादांनी वर बघत एक फांदी निवडली. सर पुढे झाले, खिशातून कात्री काढून धरली. "दादा, ही घे."

"ती ठेव तुझ्या बारा-तेवीसला," दादा म्हणाले आणि कमरेचा कोयता काढला. एका घावात फांदी खाली आली. ओट्याच्या कडेवर ठेवून त्यांनी तिचे दोन भाग केले. "हे आपलं. हे त्यांचं." मुलाकडच्यांनी आपला भाग टॉवेलवर घेतला. मधे बिनपानांचा, वीतभर लांबीचा एक तुकडा छाटून निघाला होता, तो ओट्याखाली पडला.

सर वाकले. त्यांनी तो उचलला, सवयीने दोन्ही टोकं धरली आणि एकमेकांकडे आणायला गेले. कळंबाचं ओलं लाकूड जरा वाकलं आणि अडलं. गोल काही झालं नाही. सरांनी तो तुकडा तसाच हातात धरला, जीन्सचं ठिगळ लावलेल्या खिशाकडे नेला, आणि मधेच थांबले.

"दादा," ते म्हणाले, "हा मी घेऊ का?"

दादा कोयता पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "घे की. त्यात काय इचारायचं?"